हुंकारापुरती जागा

सन्माननीय अध्यक्ष, आपल्या वलगावच्या सरपंच रागिणीताई. मुख्याध्यापक खुशालराव सर. शाळेत नव्यानं रुजू झालेले धम्मदीप सर. ज्यांच्यासाठी आज हा मांडव घातला त्या गीतांजली मॅडम. समोर सतरंजीवर बसलेली माझी लेकरं. आणि मागं दाराशी उभ्या असलेल्या आयाबाया. आत या न वं, दारात काहून उभ्या? जागा आहे. सगळ्यांना माणिकबाईचा नमस्कार.

खुशालराव सर काल म्हणाले, "काकू, दोन शब्द बोला." मी म्हटलं, सर, दोन शब्दांत माझं कधी भागतं का, ते माझ्या घरी विचारा. मग आठवलं, की विचारायला घरी कोणी नाही. तेव्हा तुम्हीच सोसा.

भाषण मी लिहून आणलं आहे, पण अधूनमधून कागद सोडून बोलेन. शाळेत मी कधी बसले नाही. माझी शाळा म्हणजे वलगावचा एसटी स्टॅंड. डोक्यावर झेंडूची दुरडी घेऊन अमरावतीच्या गाडीची वाट बघायची आणि येणाऱ्या प्रत्येक गाडीची पाटी वाचायची. आधी कंडक्टरला विचारायची. तो खेकसायचा, "बाई, पाटी दिसत नाही का?" दिसत होती, वाचता येत नव्हती. हळूहळू पाटी बोलायला लागली. मग बियाण्याची पाकिटं, मग फुलं बांधून आणायचे ते पेपर. अशी मी साक्षर झाले. त्यामुळे माझ्या बोलण्यात काही अक्षरं उलटीसुलटी लागली तर समजून घ्या, माझे मास्तर घाईत असायचे.

तर, गीतांजली मॅडम. त्या आमच्या ओट्यावर पहिल्यांदा आल्या त्या शेवंती घ्यायला. शाळेत कार्यक्रम होता. मी फुलं मोजत होते आणि फुलांखालचा पेपर मोठ्यानं वाचत होते. मोठ्यानं काहून? तर घरात आवाज व्हावा म्हणून. मॅडम ऐकत उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "काकू, कुणाला वाचून दाखवताय?" मी म्हटलं, "भिंतीले." त्या हसल्या नाहीत. फुलं घेतली, फाटकापर्यंत गेल्या आणि परत आल्या. "काकू, तुमच्याकडे मोबाईल आहे?"

मोबाईल होता. माझ्या लेकानं, मनोजनं अकोल्याहून पाठवलेला. तिथं त्याचं मोटारपंपाच्या सामानाचं दुकान आहे.

मॅडमची कल्पना अशी, की पोरगं मास्तरसमोर धडा वाचतं तेव्हा मास्तरला धडा आधीच पाठ असतो. पोरानं निम्मं गिळलं तरी मास्तरला पूर्ण ऐकू येतं. मग वाचता येतं की नाही, हे खरं कसं कळणार? तर पोरानं अशा माणसाला वाचून दाखवायचं, ज्याला तो धडा मुळीच माहीत नाही. पोरगं घरून मोबाईलवर वाचून पाठवणार, मी ऐकणार, आणि मला काय समजलं ते माझ्या शब्दांत बोलून ग्रुपवर परत पाठवणार. मला नीट समजलं तर पोरगं पास. मी काही भलतंच सांगितलं तर त्यानं पुन्हा वाचायचं.

आता मला सांगा, अशी परीक्षा कुठं पाहिली का, की पेपर पोराचा आणि उत्तर म्हातारीनं द्यायचं? ग्रुपचं नाव ठेवलं, 'ऐकता का आजी'.

हा शिवम बघा, मान खाली घालून बसला आहे. त्याला माहीत आहे मी काय सांगणार. यानं एका राजाची आणि घोड्याची गोष्ट वाचून पाठवली. अशी वाचली, जशी मागं कुत्रं लागलंय. मी आपलं प्रामाणिकपणे परत सांगितलं, की राजा मेला आणि घोडा गादीवर बसला. दिवेलागणीच्या आत हा धापा टाकत माझ्या अंगणात. "आजी! घोडा मेला, घोडा! राजा जित्ता आहे!" मी म्हटलं, "बाप्पा! तू वाचलं तसं त मले वाटलं दोघंही गेले." तिथं ओट्यावर बसून त्यानं ती गोष्ट पुन्हा वाचली. राजा रडला तिथं तो जरा हळू झाला. तिथंच मला कळलं, की याला आता वाचता आलं.

हसू द्या सर, हसू द्या लेकरांना. आज निरोप आहे, पण सुतक नाही.

आता एक गोष्ट सांगते, ती जरा घरातली आहे. मनोजचे बाबा, उत्तमराव. लग्नातल्या उखाण्यानंतर त्यांचं नाव मी आज पहिल्यांदा चारचौघांत घेतलं असेल. ते बाजारातून आले की चपला काढायच्या आत बोलायला सुरुवात करायचे. भाव काय निघाला, कोण भेटलं, कोणाची सोयरीक मोडली. मी हार ओवत बसलेली असायची. माझं काम एकच, दर वाक्याला "हूं" म्हणायचं. एखादा हूं चुकला की ते थांबायचे. "झोपलीस का?" मी म्हणायची, "ऐकून राहिली न, तुमी बोला."

ते गेले, तेव्हा लोक म्हणाले, बोलणारं माणूस गेलं. खरं आहे. पण मला जे जाणवलं ते वेगळंच. मला हूं म्हणायलाच कोणी उरलं नाही. रेडिओ लावून पाहिला. टीव्ही लावून पाहिला. ते थांबतच नाहीत हो. आपण हूं म्हणेस्तोवर ते पुढच्या गावाला पोचलेले. मनोजचा फोन येतो रोज, नाही म्हणत नाही. पण दुकानात गिऱ्हाईक असतं. "जेवली? गोळी घेतली? ठेवू?" यात हूं कुठं बसवायचा?

आणि अशात ही लेकरं मोबाईलमधून वाचायला लागली. मी फोन उपड्या दुरडीवर ठेवायची, हार ओवायची, आणि सवयीनं हूं म्हणायची. फोनला. कोणी पाहणारं नव्हतं म्हणून लाजही नव्हती.

पण पाहणारं होतं. ही दामिनी. हिला शंका होती, आजी खरंच शेवटपर्यंत ऐकते की थोडं ऐकून अंदाजानं सांगते? एके दिवशी स्वतःचं वाचन पाठवून ही पळत आमच्या कुंपणाशी आली आणि चाफ्याच्या आडून बघत राहिली. म्हातारी फोनला हूं म्हणते! दुसऱ्या दिवशी शाळेत सगळ्यांना सांगितलं. पोरं हसली असतील, हसणारच. मीही हसले असते.

पण त्या संध्याकाळी जे वाचन आलं, त्यात प्रत्येक वाक्यानंतर दामिनी थांबली होती. जरासं. एक हूं मावेल एवढं.

त्याच्या पुढच्या दिवशी शिवम थांबला. मग सगळीच थांबायला लागली. मला कोणी काही सांगितलं नाही, मी कोणाला काही विचारलं नाही. मी फक्त हूं म्हणत गेले, आणि तो बरोबर जागेवर पडत गेला.

मग शाळेत ते वाचन मोजणारं अ‍ॅप आलं. पोरानं फोनसमोर वाचायचं, आणि फोन रंग दाखवतो. हिरवा म्हणजे चांगलं, लाल म्हणजे कच्चं. आमची सगळ्यांत पक्की वाचणारी दामिनी लाल निघाली! मॅडमनी पुन्हा वाचायला लावलं. पुन्हा लाल. खाली लिहून आलं, की ही मुलगी वाचताना फार अडखळते. मॅडमनी तिला जवळ घेतलं. "दामिनी, तू मध्ये मध्ये थांबतेस का गं?" तर ही म्हणते कशी, "मॅडम, मी नाही थांबत. आजी हूं म्हणते न, तिची वाट पाहते."

मॅडम संध्याकाळी मला हे सांगायला आल्या. अर्धं सांगितलं आणि ओट्यावर बसूनच राहिल्या. म्हणाल्या, "काकू, आता काय करायचं?" मी म्हटलं, "पोरीले लाल नका ठेवू. सांगा तिले, मशीनपुढं सरळ वाच, त्याले हूं म्हणता येत नाही." मॅडमनी तसं सांगितलं आणि दामिनी हिरवी झाली. माझ्याकडं मात्र ती अजून थांबतच वाचते.

यावरून कोणी असं समजू नका की मी अ‍ॅपच्या विरोधात आहे. धम्मदीप सर, तुम्ही समोर आहात म्हणून नाही, खरंच सांगते. हाच शिवम, जोडाक्षर आलं की त्यावरून उडी मारायचा. मला ते कळलं नाही, कारण मी मागचापुढचा अर्थ लावून घ्यायची. आजी आहे मी, लाड करते. मशीननं लाड केले नाहीत, म्हणून त्याची जोडाक्षरं सापडली. मशीन सांगतं पोरगं कुठं चुकलं. मी सांगते पोरगं माझ्यापर्यंत पोचलं का. दोन्ही लागतं. एका डोळ्यानंही दिसतं, पण सुईत दोरा ओवायचा तर दोन बरे.

आणि आता मॅडम चालल्या. बदलीसुद्धा मोबाईलवरच आली. हिवरखेडला. तिथं त्यांच्या आई, लीलाबाई, एकट्या असतात. आईजवळ राहता यावं म्हणून मॅडमनीच ती बदली मागितली होती. मला पेढा द्यायला आल्या तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्या मनात होतं म्हणावं, नका जाऊ. पण कोणत्या तोंडानं म्हणू? तिकडंही एक बाई ओट्यावर बसून फाटकाकडं बघत असेल की नाही? जी लेक तिच्याकडं निघाली, तिला मी अडवू?

मॅडम, जा. एवढंच करा, तिथल्या लेकरांचं वाचन लीलाबाईंना ऐकवा. त्यांना म्हणावं, वलगावच्या माणिकबाईनं सांगितलं आहे, फोनला हूं म्हणायला लाजू नका.

आता माझं. मनोज परवा म्हणाला, "आई, आता त मॅडमही चालल्या. काय राह्यलं तुझं तिथं? अकोल्याले ये." चांगला आहे माझा लेक, सूनबाईही चांगली. मी राहून आले आहे तिथं. सकाळी दोघं दुकानात जातात, दार लागतं, आणि मग संध्याकाळपर्यंत लिफ्टचा आवाज. आजवर मनोजनं विचारलं, की मी म्हणायची, "नाही बापा, माहे लेकरं वाचून राहिले." आता हे उत्तर माझ्याकडं राहील का, मला माहीत नाही. म्हणून त्याला म्हटलं, निरोप समारंभ होऊ दे, मग सांगते.

धम्मदीप सर मला मागच्या आठवड्यात भेटले. मोकळ्या मनाचा माणूस. म्हणाले, "काकू, दोन वर्ग माझ्याकडे, माहिती भरायची माझ्याकडे, अ‍ॅप तर करावंच लागतं. ग्रुप चालवणं होईल की नाही, सांगता येत नाही." खोटं बोलून मला खूश केलं असतं तर सोपं होतं. नाही केलं, म्हणून मला ते आवडले. सर, मी तुमच्यावर भार टाकायला उभी राहिले नाही. ग्रुप चालवायला काही लागत नाही, असंही म्हणणार नाही. गीतांजली मॅडम रोज धडा शोधायच्या, कोणाचा फोन रिचार्ज संपला ते बघायच्या, माझा अंगठा चुकीच्या ठिकाणी पडून ग्रुपमधून मी बाहेर गेले की परत आत घ्यायच्या. दोनदा नाही, कितीदा तरी.

फक्त एवढं सांगते. सोमवारी शाळा सुटल्यावर मी दुरडी उपडी घालून बसणार आहे. फोन वाजला, तर ऐकेन. नाही वाजला, तर

...

ऐकलं? पोरांनो, हूं म्हणणारे तुम्ही नव्हे. तुमचा आवाज समोरून आला असता. हा हूं माझ्या मागून आला, खुर्च्यांकडून. मी वळून बघत नाही. धम्मदीप सर, आवाज ओळखणं हेच तर माझं काम आहे आता.

एका हूंवर मी मोठं घर बांधत नाही, घाबरू नका. तुमच्यावर वर्गही आहेत आणि तुम्हालाही घर आहे. पण मनोजला मी आज फोन करणार होते, तो आता सोमवारनंतर करीन.

मॅडम, तुमच्यासाठी शेवंतीचा हार आणला आहे, तो मघापासून माझ्याच हातात आहे. घ्या. हिवरखेडला पोचल्यावर काहीही वाचून पाठवा. गावाची पाटी वाचून पाठवली तरी चालेल. मी ऐकेन.

रागिणीताईंनी या म्हातारीला माईक दिला, खुशालराव सरांनी वेळ संपल्याची चिठ्ठी हातातच ठेवली, आयाबायांनी भाकरी टाकायचं सोडून ऐकलं, लेकरांनी पाय न हलवता बसून दाखवलं, या सगळ्यांची मी ऋणी आहे. बोलता बोलता कोणाचं नाव राहिलं असेल, मान द्यायचा तिथं कमी दिला असेल, तर पदरात घ्या. आणि बोलताना मी पुष्कळ ठिकाणी थांबले. ते मात्र चुकांमध्ये धरू नका. ती जागा तुमच्यासाठी ठेवली होती.

नमस्कार.