सात-वीसची गेली

बसथांब्यावर नर्सबाई नियंत्रकाच्या खिडकीशी भांडत होती. रांगेत तिच्या मागे उभा असलेला सुतार कान टवकारून ऐकत होता.

"साहेब, सात-वीसची बस कुठंय?"

"गेली."

"कधी? आम्ही इथंच उभे आहोत!"

"बरोब्बर सात-वीसला. सगळे माना वर करून बघत होतात की!"

"अहो, आकाशातून गेलं ते अंतराळ स्थानक होतं!"

"आत माणसं होती ना?"

"होती, म्हणून काय..."

"माणसं घेऊन वेळेवर गेलं. मी नोंद केली. पाच वर्षांत इथून पहिल्यांदा काहीतरी वेळेवर गेलंय, बाई."

"मग उशिराचा दाखला तरी द्या. आज तिसऱ्यांदा उशीर होतोय. दाखला नसेल तर नोकरी जाईल माझी."

"दाखला गाडी न आल्यास मिळतो. ही आली होती. तुम्ही हात केलात?"

"चारशे किलोमीटर वर?"

"हात केल्याशिवाय कोण थांबेल?"

तेवढ्यात खडखडत बस आली.

"ए ड्रायव्हर, ही कुठली?"

"सात-वीसची."

"ती गेली. रिकामी डेपोत ने."

"गेली? मग मी कोण?"

"ते डेपोत विचार!"

बस हलली. नर्सबाई धावत रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली आणि तिने हात वर केला.

"केलाय हात! थांबव!"

"थांबलो, ताई. चढा पटकन!"

अख्खी रांग आत घुसली.

"अरे, मी नोंदीत काय लिहू?" नियंत्रक खिडकीतून ओरडला.

"लिहा," पायरीवरून सुतार म्हणाला, "मघाचंच स्थानक फिरून आलं."