येताना काकूंना घेऊन या

...नाही, बोलवा ना, रिपोर्ट आला असेल तर बोलवा, माझी काही हरकत नाही, पण सरळ सांगा ना की बाबा आलाय, बरा आहे, वाईट आहे, जे काय असेल ते. तर नाही. दवाखान्याच्या काउंटरवरची ती ताई मला फोनवर म्हणते कशी, “काका, रिपोर्ट आलाय. उद्या साडेचारला या. आणि येताना काकूंना घेऊन या.” आणि ठेवला फोन. आता तुम्हीच सांगा, ज्याच्या मानेतली गाठ आठ दिवसांपूर्वी सुई घालून तपासायला पाठवलीय, अशा पासष्ट वर्षांच्या माणसाला ‘येताना काकूंना घेऊन या’ म्हणायचं म्हणजे काय? आमचं काय केळवण आहे तिथे? सोबत माणूस कशाला बोलावतात? आधाराला बोलावतात. डॉक्टर चष्मा काढून टेबलावर ठेवतात, आणि मग शेजारी बसलेल्या माणसाने आपला हात धरायचा असतो. हे काय मला माहीत नाही?

तुम्हाला सांगतो, मी मुळात कमी बोलणारा माणूस. कामापुरतं बोलावं, बाकी गप्प राहावं. तीस वर्षं मी पाण्याचे मीटर वाचले. दारोदार जायचं, झाकण उघडायचं, आकडा लिहायचा, की पुढचं घर. आता जाता जाता दोन शब्द होतात माणसाचे, म्हणजे या खेपेला आकडा एवढा चढला कसा, पाहुणे आलेत का, की टाकी वाहतेय, की मुलगी माहेरी आलीय, आणि आली असेल तर सहज आलीय की कायमची, जावयाचं काय म्हणणं आहे... पण ती चौकशी कामातच मोडते. सांगायचा मुद्दा हा की आकड्यावरून घरात काय चाललंय ते मी ओळखतो. मला कोणी सांगावं लागत नाही. आणि त्या दवाखान्यात मी काय वाचलं माहीत आहे?

पण ते नंतर. आधी सकाळचं ऐका. बायकोला मी काही सांगितलं नव्हतं. म्हणजे गाठ आहे, सुई घातली, एवढं तिला माहीत, पण काकूंना घेऊन या हे कसं सांगणार? म्हटलं, “आज संध्याकाळी जरा माझ्याबरोबर चल, तुझंही ब्लडप्रेशर बघून घेऊ.” ती म्हणाली, “बरं.” आमची ही अशीच. अडतीस वर्षांच्या संसारात तिचं सगळं बोलणं एका वहीत मावेल, आणि वहीची मागची पानं कोरी राहतील. मग मी विचार केला, वेळ थोडा आहे, तिला सगळं दाखवून ठेवावं. तिला गच्चीवर नेलं. म्हटलं, “हा बघ, हा टाकीचा व्हॉल्व. हा उजवीकडे फिरवला की बंद. पावसाळ्यात गंजतो, तेव्हा थोडं तेल सोडायचं, जोर करायचा नाही, कारण याच्या आतली चकती पितळेची आहे, ती मी स्वतः बसवली त्या वर्षी, ज्या वर्षी धाकटीला गोवर आला होता...” ती ऐकून घेत होती. वीस मिनिटांनी म्हणाली, “रोज मीच बंद करते तो.” बघा. आणि मला वाटत होतं, माझ्यामागे हिचं कसं होणार. खाली उतरताना जिन्यात मला एकदम भरून आलं, आणि ती पुढे होती म्हणून बरं, तिला दिसलं नाही.

साडेचारला दवाखान्यात. तुम्ही पाहिलाय का हा दवाखाना? तीन खोल्या. बाहेर बाकं, मध्ये सिस्टरची खोली, आत डॉक्टर. डॉक्टर म्हणजे मुलगीच हो, आमच्या धाकटीच्या वयाची, हुशार, हाताला गुण आहे, पण मी बोलायला लागलो की सारखी घड्याळाकडे बघते. नवीन आहे, होईल सवय. सिस्टर मात्र जुनी. दोन वर्षांनी रिटायर होईल, आणि त्या दिवशी हा दवाखाना कसा चालेल ते देव जाणे, कारण ती रजेवर असली की डॉक्टरला स्वतःचं पेन सापडत नाही. आणि एक मावशी. मावशींच्या हातात कायम पोछा. पेशंट ताप घेऊन येवो की फ्रॅक्चर घेऊन येवो, त्या फक्त दोन शब्द बोलतात, “पाय वर.” सगळं बाक एकदम पाय वर करतं.

आम्ही बसलो. पावणेपाच. पाच. आमच्यानंतर आलेला आत गेला. त्याच्यानंतर आलेली बाई आत गेली, हसत बाहेर आली. एका तरुणाला तर सिस्टरने दारातूनच कागद दाखवला, “नॉर्मल आहे रे, जा पळ.” आणि तो खरंच पळाला. मी काउंटरवर गेलो. “ताई, आमचा नंबर?” “बसा काका, तुम्हाला शेवटी घ्यायचंय.” शेवटी का? “डॉक्टर निवांत बोलतील ना.” निवांत! अहो, चांगल्या बातमीला निवांतपणा लागतो का? चांगली बातमी दारातून सांगतात, ती मी आत्ता डोळ्यांनी बघितली. निवांत काय सांगायचं असतं ते मला कळत नाही का?

तेवढ्यात ताई इंजेक्शनचा खोका आणायला आत गेली, आणि रजिस्टर काउंटरवर उघडंच राहिलं. माझ्या बाजूने उलटं. पण मीटर कधी कोणी सरळ लावतं का? निम्मे उलटे, भिंतीकडे तोंड केलेले, पायऱ्यांखाली. उलटं वाचण्यात माझी हयात गेली. वाचलं. बावीस नावं. त्यातल्या दोन नावांपुढे लाल गोल. एक माझं. दुसरं आमच्या बिल्डिंगमधल्या रिटायर्ड टीचरबाईंचं. मागची पानं पंख्याने फडफडत होती, त्यातलं महिन्यापूर्वीचं एक बोटाने जरा धरलं, तर तिथे बँकेतले जुने मॅनेजरसाहेब. लाल गोल. आणि मॅनेजरसाहेब गेल्या महिन्यात वारले. मी त्यांना पोचवायला गेलो होतो.

झालं. पाचावर धारण बसली माझी. लाल गोल म्हणजे काय ते आता कोणी समजावून सांगायची गरज होती का? परत येऊन बाकावर बसलो, आणि बघतो तर पलीकडे त्या टीचरबाई. बिचारी. तिला काही पत्ता नाही. गुडघा दाखवायला आलेय म्हणत होती. मी म्हटलं, जाऊ दे, आपण दोघंही एकाच वाटेचे, दोन शब्द गोड बोलावेत. “कसं काय बाई?” एवढंच विचारलं हो मी. तर गुडघ्यापासून जी सुरुवात केली तिने, ती सुनेच्या नोकरीवर, तिथून सुनेच्या आईवर, मग जुन्या हेडमास्तरांवर, मग वर्गात खडू कसा पुरवून वापरायच्या त्यावर... पाऊण तास. मला श्वास घ्यायला जागा ठेवली नाही. काही माणसांना कुठे थांबावं ते कळतच नाही. तुम्हाला सांगतो, मी कमी बोलणारा माणूस म्हणून ऐकून घेतलं, दुसरा उठून गेला असता. “पाय वर,” मावशी म्हणाल्या. आम्ही दोघांनी पाय वर केले. तसेच अधांतरी पाय ठेवून ती पुढे बोलतच राहिली. मी मनात म्हटलं, बोल बाई, बोलून घे.

सहाला आम्हाला बोलावलं. आत गेलो. डॉक्टरने चष्मा काढला. मी खुर्चीत बसलो, आणि ती बघते कुणाकडे? माझ्याकडे नाही. बायकोकडे. “काकू, यांचं वजन कमी झालंय का?” ही म्हणाली, “नाही.” “रात्री घाम वगैरे?” “नाही.” “भूक?” “भरपूर.” “घरात आधी कुणाला टीबी?” “नाही.” मी मधे म्हणालो, “म्हणजे तसं बघायला गेलं तर माझ्या एका चुलत मामांना...” तर सिस्टरने माझ्या तोंडात थर्मामीटर घातला. ताप नाही, काही नाही, मानेला गाठ, आणि तोंडात थर्मामीटर. मग डॉक्टर म्हणाली, “रिपोर्ट चांगला आहे. साधी गाठ आहे, काळजीचं काही नाही. सहा महिन्यांनी एकदा दाखवून जा.”

संपलं. एवढंच. मी थर्मामीटर तोंडातच धरून तिच्याकडे बघत राहिलो. जीव भांड्यात पडला म्हणतात ना, तसा पडला, पण पडल्या पडल्या असा संताप आला. थर्मामीटर काढला आणि म्हटलं, “मग हिला का बोलावलंत? एक दिवस आणि एक रात्र मी काय काढलीय ठाऊक आहे? आणि तो लाल गोल? मॅनेजरसाहेबांना लाल गोल होता, आज ते नाहीत.”

डॉक्टरने सिस्टरकडे बघितलं. सिस्टरने छताकडे. मग सिस्टरच म्हणाली, कारण ती कुणाला भीत नाही, “भाऊ, मॅनेजरसाहेब ब्याण्णव वर्षांचे होते. लाल गोल आजाराचा नाही. ज्याला बोलायला वेळ लागतो त्याला तो गोल. त्याला शेवटी घ्यायचं, म्हणजे मागचे खोळंबत नाहीत, आणि घरचं कोणीतरी सोबत बोलवायचं, म्हणजे मुद्द्याचं कळतं.”

वेळ लागतो? मला? मी कमी बोलणारा माणूस, असं मी म्हणणार होतो, पण डॉक्टर पुढे झुकली. म्हणाली, “काका, तुम्ही गेल्या महिनाभरात माझ्याकडे तीन वेळा आलात. एकदा झोपेचं सांगितलंत, एकदा गुडघ्याचं, एकदा शेजाऱ्यांच्या पाण्याच्या पंपाचं. गाठीचं कधी सांगितलंत आठवतंय? तिसऱ्या खेपेला, दारात, चप्पल घालताना. म्हणालात, जाता जाता एक विचारतो. मी त्या दिवशी घाईत असते तर ते राहूनच गेलं असतं.”

खरं होतं. तीन वेळा मी गाठ सांगायलाच गेलो होतो. प्रत्येक वेळी तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर आलं. घाबरलो होतो, दुसरं काय. बायकोने माझ्याकडे बघितलं. तिला तीन खेपांचं माहीत नव्हतं. “चला,” एवढंच म्हणाली.

बाहेर पडलो आणि मी ठरवलं. बास. आजपासून तोंडाला कुलूप. आपण बोलतो म्हणून आपल्याला गोल पडतो, ना? नाही बोलणार. निघालो. औषधाचं दुकान गेलं, मी गप्प. फुटपाथवर कुणाच्या तरी नळाची पाइप फुटून पाणी वाहत होतं, माझ्या डोळ्यांदेखत, आणि मी गप्प. तुम्हाला कल्पना नाही यायची, काय यातना झाल्या. इस्त्रीवाला म्हणाला, “काय साहेब, कुठे दौरा?” मी नुसती मान हलवली. तो इस्त्री बाजूला ठेवून टपरीबाहेर आला आणि बायकोला विचारतो, “साहेबांना बरं नाही का?”

तिने वळून माझ्याकडे बघितलं. “अहो, ठीक आहात ना?” मी मान हलवली. “बोला की काहीतरी.” नाही म्हणून मान हलवली. “अहो, बोला ना.” तिचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. भर रस्त्यात तिने माझ्या कपाळाला हात लावला. अडतीस वर्षांत भर रस्त्यात तिने कधी माझं बोटसुद्धा धरलेलं नाही. मग माझं कोपर धरलं आणि जी उलटी वळली, ती मला ओढत थेट दवाखान्यात. मी सांगणार होतो की बाई, मला काही झालेलं नाही, पण खरं सांगू? तिचा तो हात सुटू नये असं वाटलं.

शटर अर्धं खाली आलं होतं. मावशी बादली घेऊन दारात. बायको वाकून आत शिरली आणि म्हणाली, “हे बोलत नाहीयेत.”

तीनच शब्द. पण काय सांगू तुम्हाला, दवाखाना हादरला. सिस्टरने खांद्याची पर्स फेकली. डॉक्टर स्वतः धावत बाहेर आली. नंबर नाही, बाक नाही, रजिस्टर नाही. मावशींनी माझे पाय उचलले, त्यांचे ते दोन शब्दसुद्धा न बोलता, आणि मला तपासायच्या टेबलावर आडवं केलं. “काका, हसून दाखवा. दोन्ही हात वर करा. डोळे इकडे. काका, एखादं वाक्य बोला, कुठलंही बोला.”

एखादं? मी त्या फुटलेल्या पाइपपासून सुरुवात केली. पस्तीस मिनिटं बोललो. पाइप कुठे फुटली, का फुटली, त्या लाइनीवर कोणत्या साली काम झालं, गच्चीवरचा व्हॉल्व, धाकटीचा गोवर, चुलत मामांचा टीबी. मधे कुणी घड्याळाकडे बघितलं नाही. बायको स्टुलावर बसून डोळे पुसत होती, आणि माझं एक वाक्य संपलं की सिस्टर म्हणायची, “बोला भाऊ, अजून बोला.” शेवटी ताईने रजिस्टर काढून लिहिलं, पेशंट बोलतोय, घरी सोडले.

तर अशी गत आहे. बोललो तर बाकावर बसवून ठेवतात, आणि गप्प राहिलो तर टेबलावर आडवं करतात.