नव्या हौदातली कासवं

बायडाबाई : अरं, वाकून बघ की नीट! लांबनं काय दिसतंय तुला? डोळं बघ त्याचं, डोळं.

गैबी : बघतोय न्हवं आक्का. सुजल्यात.

बायडाबाई : सुजल्यात ते मलाबी दिसतंय. कशानं सुजल्यात ते सांग. हौद तू बांधलास न्हवं?

गैबी : हौद म्या बांधला, कासवं म्या न्हाय बांधली. गवंड्याला कासवाचं काय इचारतीस? भिंत वाकडी असली तर बोल. आत्ता ओळंबा लावून दावतो.

बायडाबाई : भिंत घाल चुलीत! ही धाकटी बघ. एका अंगावर कलती होऊन तरंगाय लागलीया, सकाळधरनं अशीच. आन थोरला तळाला जाऊन बसलाय तो वर येईना. काल गांडुळं टाकली, तशीच मरून पडली. मेथी टाकली, तिला तोंड लावंना. आन आज चिमणा येनार कुरुंदवाडास्नं!

गैबी : आज? सून पुनव झाल्यावर येनार म्हनत हुतीस की.

बायडाबाई : सांगावा आला सकाळी. भावानं गाडी जुपलीया. दिवस मावळायच्या आत दारात हुबी ऱ्हाईल. काय सांगू मी तिला? काय दावू?

गैबी : सांगायचं, आजारी पडली. जनावर हाय, पडतंय आजारी. मागल्या साली माझी शेरडी न्हाय का…

बायडाबाई : तुझ्या शेरडीचं कवतिक ऱ्हाऊ दे तुझ्यापाशी. ही तिची पोरं हायती रं! सातव्या म्हयन्यात गेलं तिचं, म्हाईत हाय न्हवं तुला? म्हायेरी जाऊन आली ती ह्या दोघांस्नी घोंगड्यात गुंडाळून घेऊनच आली. संगमाच्या वाळूत गावली म्हनाली. तवापास्नं चार घास पोटात गेलं तिच्या, ते ह्यांच्या शेजारी बसून. नवऱ्याशी, किसनाशी बोलंना, माझ्याशी बोलंना. ह्यांच्याशी मातर तासन् तास.

गैबी : ते ठावं हाय. पर मग तूच की ग आक्का, दारात हुबं ऱ्हाऊन वरडत हुतीस, ही घान एक दिस पंचगंगेत फेकून देते म्हनून. आमच्या फातिमानं ऐकलं. समद्या गल्लीनं ऐकलं.

बायडाबाई : तेच तर खातंय मला! रागात बोलले. मानूस रागात काय बी बोलतंय. आता ही मेली तर कोन म्हनंल, बायडानं हौसेनं हौद बांधला? म्हनतील, सून घरात नसताना सासूनं डाव साधला. आन चिमणा तोंडानं काय म्हननार न्हाय. नुसती बघंल माझ्याकडं. त्या बघन्याचं लै भ्या वाटतंय मला, गैबी.

गैबी : मग बांधून घेतलास कशाला? बरी हुती की ती काईल.

बायडाबाई : गुऱ्हाळातली फुटकी काईल! निम्मी मातीत पुरलेली, निम्मी वर. शेवाळ, चिखल, डास. मला वाटलं, पोरीनं येवढा जीव लावलाय तर चांगलं घर द्यावं. भाऊबीजेला ती म्हायेरी गेली तवा मनानं घेतलं. येईल, बघंल, जरा खुलंल. किसनालाबी कळवलं न्हाय. त्यो तिकडं राधानगरीला, महाराजांच्या धरनाच्या कामाव. त्याला काय ठावं इथं काय चाललंय.

गैबी : थांब. आधी मला सांग, कासवं कवा सोडलीस ह्यात?

बायडाबाई : तू काम उरकून गेलास न्हवं, त्याच्या दुसऱ्या दिशी.

गैबी : दुसऱ्या दिशी! या अल्ला! आक्का, जाताना काय म्हनलो हुतो मी? चुना ओला हाय. हौद भर, दोन दिस ठेव, ओत. पुन्यांदा भर, पुन्यांदा ओत. चुन्याची धग मरूस्तवर जित्तं काय टाकू नगंस.

बायडाबाई : म्हनलास की. एकदा भरून ओतलं मी. पांढरंफेक पानी आलं, ते गेलं, मग निवळशंख आलं. मला वाटलं झालं. आन ती लवकर आली तर काय, म्हनून घाई केली. मग हळदकुंकू वाहिलं आन सोडली.

गैबी : हळदकुंकू कुनाला वाहिलं?

बायडाबाई : ह्यांस्नीच. देवळात देवीच्या म्होरं दगडी कासव असतंय न्हवं? बायका त्याच्यावर हळदकुंकू वाहत्यात, तसं. जित्ती कासवं घरात, नव्या वास्तूत जायची. म्हनून पाठीला तेल चोळलं, हळद लावली, आन हौदात तांब्याभर दूध वतलं. म्हशीचं. निरसं.

गैबी : चुन्याच्या पान्यात दूध. आन वर तेल. तोबा, तोबा.

बायडाबाई : पुन्य लागावं म्हनून केलं रं!

गैबी : हात घाल पान्यात. घाल की. आता बोटं एकमेकांवर चोळ.

बायडाबाई : बुळबुळीत लागतंय.

गैबी : साबनावानी न्हवं? तीच धग. हे माझं हात बघ, जलम गेला चुन्यात, अजून सालटं निघत्यात. मग त्यांच्या डोळ्यांचं काय हुनार? आन वास बघ कसला आंबूस येतोय. तुझ्या एकटीची चूक न्हाय म्हना. मला गुळगुळीत करायचा नाद. चुन्यात गूळ घातला, बेलफळ घातलं, आरशावानी घोटला. वर यायला ह्यांस्नी नख रुतवायला जागा न्हाय ठेवली. सरदारांच्या वाड्यावर असला हौद कुनी बांधला न्हाय म्हनून मिरवत हुतो चार लोकांत.

बायडाबाई : आता तुझी मिरवनूक नगं! काय करायचं ते बोल. पाया पडते तुझ्या.

गैबी : पाया कशाला पडतीस? आधी ह्यांस्नी भाईर काढ. काईल कुठं हाय?

बायडाबाई : बावड्याच्या गुऱ्हाळवाल्यानं मागितली, दिऊन टाकली. फुटकी असू दे म्हनला, डाग मारतो.

गैबी : म्हशीची डोन हाय न्हवं? दगडी?

बायडाबाई : त्या डोनीत? म्हस तोंड घालती त्यात. शेवाळ धरलंय बाजूनं.

गैबी : म्हस पिती म्हंजे पानी गोडं हाय. ते शेवाळ घासू नगंस. निम्मं पानी काढून टाक, ह्यांची पाठ बुडंल न बुडंल येवढंच ठिव. मी गोटं आनतो. इटा नगं, इटांस्नी चुना चिकटलेला असतोय. नदीचंच गोटं. एका बाजूला चढ करू, म्हंजे वाटलं तर पान्यात, न्हाय तर कोरड्यात. तुझ्या सुनेनं काईल तिरकी पुरली हुती ती उगंच न्हवं.

बायडाबाई : आन मी म्हनत हुते, पोरीला सरळ पुरताबी येत न्हाय.

गैबी : उचल आता. दोन्ही हातांनी. कवचाला धर की, शेपटाला काय धरतीस?

बायडाबाई : चावंल का?

गैबी : चावली तर बरंच की, जीव हाय म्हनायचं.

बायडाबाई : असलं बोलू नगंस! अगं बाई… हलकी लागतीया रं ही. चिपाडावानी. मान बघ कशी लोंबतीया. गैबी, ही गेली काय रं?

गैबी : ठिव गोट्यावर. डोकं पान्यात जाऊ दिऊ नगंस. थोरल्याला आन.

बायडाबाई : थोरल्यानं पाय मारला. लागला मला! मार बाबा, अजून मार. पर हिचं काय? अंगावर गोडं पानी वतून बघितलं, चोळलं. हालंना. ए बाई, हाल की ग. तुझी आई येतीया, तिला काय सांगू मी?

गैबी : आक्का, एक बोलू? रागावू नगंस.

बायडाबाई : बोल.

गैबी : गंगावेशीला आकाराम भोई हाय, माझ्या वळखीचा. जाळ्यात असली कासवं त्याला रोज गावत्यात. मी असा पळत जातो आन असा येतो. हिच्याच येवढी, अशीच काळी. दोन बोटांचा फरक पडला तर पडला. कासवाचं तोंड कोन वळखतंय?

बायडाबाई : गावंल म्हनतोस?

गैबी : हमखास. गाडी यायला अवकाश हाय अजून.

बायडाबाई : मग जा. पळ. आन हिला मी परड्यात पुरते तवर. शेजारची शालूबाई बघायच्या आत. जा, बघतोस काय?

गैबी : चाललो.

बायडाबाई : थांब! गैबी, थांब. माघारी फिर.

गैबी : आता काय?

बायडाबाई : तिनं एक नजर टाकली आन म्हनाली, आत्याबाई, ही ती न्हवं, तर मी तोंड कुठं लपवू? रोज हातावर घिऊन बसती ती. मेलेली दावली तर रडंल, मला शिव्या घालंल, घालू दे. पर बदलून ठेवलेली कळली तर जलमभर माझ्या हातचं पानीबी पिनार न्हाय. नगं. जे हाय ते हाय.

गैबी : बघ हं. मागनं म्हनशील, गैबीनं सुचवलं न्हाय.

बायडाबाई : न्हाय म्हननार. घुंगरं वाजली काय रं? आरं, गाडी! आलीच की ही! आत्ताच कशी आली?

गैबी : मी जाऊ काय मागल्या दारानं?

बायडाबाई : मला एकटीला टाकून जातोस? हुबा ऱ्हा हितंच.

(चिमणा थेट परसात येते. काखेतलं गठुडं अजून खाली ठेवलेलं नाही.)

चिमणा : आत्याबाई, काईल कुठं गेली?

बायडाबाई : चिमणा, आधी पानी पी. चूळ भर. उनातनं आलीयास…

चिमणा : काईल कुठं हाय?

बायडाबाई : दिली. मी दिली. आन हा हौद बांधला. तुझ्यासाठी बांधला ग. चुना ओला हुता, गैबीनं सांगितलं हुतं थांब म्हनून, मी थांबले न्हाय. वर दूध वतलं, पाठीला तेल लावलं. समदं मीच केलं. थोरला पाय हालवतोय. पर धाकटी… धाकटी काय हालंना बघ. त्या डोनीत हायती दोघं.

गैबी : चूक माझीबी हाय पोरी. मी ते लै गुळगुळीत…

चिमणा : गैबीचाचा, जरा बाजूला व्हा. सावली पडतीया तुमची.

बायडाबाई : दारात हुबं ऱ्हाऊन काय काय बोलले मी, ते तू ऐकलंयस. समद्यांनी ऐकलंय. आता लोक म्हनतील…

चिमणा : लोकांचं ऱ्हाऊ दे. डोळं कशानं धुतलं ह्यांचं?

बायडाबाई : डोळं? न्हाय धुतलं. नुसतं पानी वतलं अंगावर.

चिमणा : चुलीवर पानी ठेवा. कोमट, लै न्हाय. आन मऊ फडकं.

गैबी : मी आनतो. चूल पेटलेलीच हाय.

बायडाबाई : चिमणा, काय तरी बोल ग. शिव्या दे.

चिमणा : भाऊबीजेला वैनीनं इचारलं मला, कुनाच्या भरवशावर सोडून आलीस ग त्यास्नी? मी म्हनलं, सासूच्या. ती हसली. म्हनली, जी नदीत फेकीन म्हनती तिच्या?

बायडाबाई : मग? तू काय म्हनलीस?

चिमणा : म्हनलं, व्हय, तिच्याच. मी झोपल्यावर आत्याबाई काईलीत शिळी भाकरी कुस्करून टाकत्यात. मला चाहूल लागती.

बायडाबाई : मला वाटलं तुला ठावंच न्हाय.

चिमणा : लवकर आले ती ह्यांच्यापायी न्हवं. तिथं करमंना. थांबा, बोलू नगा जरा. मागला पाय धरते हिचा.

बायडाबाई : काय झालं? काय झालं ग?

चिमणा : वढून घेतला. लै हळू, पर वढून घेतला.

बायडाबाई : खरं? माझी शपथ?

चिमणा : जगंल का न्हाय ते मला ठावं न्हाय, आत्याबाई. उगंच आशा लावू नगा. पर अजून गेलेली न्हाय.

गैबी : हे घे पानी. फडकं गावलं न्हाय, माझाच पटका फाडला. धुतलेला हाय, कसम.

चिमणा : द्या. मी डोळं पुसते. आत्याबाई, हात कोरडं करा आन म्होरं या. हिला धरा तवर.

बायडाबाई : मी? माझ्या हातात देतीस?

चिमणा : मग कुनाच्या देऊ?