माल गेला कुठे?

...आणि वर आमचे साहेब मलाच विचारतात, "माल गेला कुठे?" अहो, मी काय खिशात घालून घरी नेला? तुम्हाला सांगतो, कोळशाच्या खाणीत छताला भेगा पडल्या की भोकं पाडून आत ग्राउट दाबतात. ग्राउट म्हणजे काय हो, सिमेंटचं पातळ पाणी! आत जायचं, पसरायचं, घट्ट व्हायचं, छत धरून ठेवायचं. आता आतलं दिसतं का कुणाला? नाही! म्हणून ते कुठून कुठे वाहील ते आधी कॉम्प्युटरवर बघायचं. बघणार कोण? मी! आणि पडद्यावर ना... पडद्यावर सगळं झकास भरतं!

साहेब तर खूश! रिकाम्या निळ्या भेगा भरून लाल होताना बघून टाळ्या वाजवल्या. "वा! माल दाबा आणि लगेच माणसं खाली सोडा!" आता त्या माणसांचा मुकादम कोण? माझे सासरे! सख्खे! बायको ताट वाढता वाढता म्हणाली, "बाबा त्या छताखाली उभे राहणारेत. खात्री आहे ना तुमची?" म्हटलं, "अगं, सगळं लाल आहे!"

झालं, पंप सुरू. आणि पंपवाल्याचा फोन. "साहेब, खाण पितेय!" म्हटलं, पिऊ दे. "अहो, पितच सुटलीय! दाब चढेना!" तिकडे तो ओततोय, ओततोय, इकडे आमचं आपलं लालेलाल... पडद्यावर सगळं झकास भरतं!

मग माझी ट्यूब पेटली. अहो, कॉम्प्युटरला अख्खी खाण कोण देणार? एक चौकोन कापून द्यायचा. आणि चौकोनाच्या काठाला? भिंत! कुणी घातली? मीच, सोयीसाठी! कॉम्प्युटरातला माल काठाला टेकला की शहाण्यासारखा मागे वळून भेगा भरायचा. खऱ्या मालाला माझी भिंत कोण दाखवणार? तो गेला सरळ शेजारच्या जुन्या, सोडून दिलेल्या बोगद्यात! तिथे अशी गुळगुळीत जमीन झालीय, स्केटिंग करा! आणि भेगा? ठणठणीत कोरड्या!

धावत गेलो साहेबांकडे. "माणसं सोडू नका!"

"पण लाल आहे ना?"

"लाल माझ्या भिंतीमुळे आहे, साहेब!"

"मग भिंत चांगलीच आहे की! काढता कशाला?"

आता कुठे डोकं फोडू? शेवटी म्हटलं, "चला, त्या छताखाली आधी आपण दोघं उभे राहू." तिथल्या तिथे काम बंद! अहवालात मात्र लिहिलं, 'खाण अपेक्षेप्रमाणे वागली नाही.' वाग ना गं बाई नीट! पडद्यावर सगळं झकास भरतं, तुलाच काय धाड भरली?

काम बंद म्हणजे सासरे मोकळे. मोकळे म्हणजे कुठे? आमच्या घरी, मी कॉम्प्युटरवर चौकोन मोठा करत बसतो त्या खुर्चीमागे!

"जावईबापू, काठ सरकवला का?"

"सरकवला, मामा."

"पलीकडे काय आहे?"

"माहीत नाही."

"मग मी खाली जात नाही."

बरोबर आहे हो, डोकं त्यांचं आहे! पुन्हा सरकवला. पुन्हा तेच, "पलीकडे काय?" आणि तुम्हाला सांगतो, काठ कितीही लांब न्या, त्याच्या पलीकडे काहीतरी उरतंच...

कालच बायकोनं त्यांच्यासाठी पलंग सांगितलाय. माप घेतलं ते माझ्या खुर्चीमागच्या जागेचं.