आयुधपूजेला मोजलेला सर्व्हर

१९९८. चेन्नईत अण्णा नगरच्या बसथांब्यावर रांगेत माझ्यापुढे एक बाई आपल्या मामांशी मराठीत बोलत होती. तावातावानं.

“अख्ख्या कारखान्याचा कारभार नव्या सॉफ्टवेअरवर, आणि सर्व्हर केवढा आणला? चार माणसांपुरता!”

“तुम्ही किती जण, वेणी?”

“साठ! सकाळी सगळे कामाला बसले की तो बंदच पडतो.”

“मग चार कुणी सांगितलं?”

“दिल्लीहून साहेब आले होते अंदाज काढायला. एका वेळी किती जण कॉम्प्युटरवर असतात, ते स्वतः फिरून मोजलं.”

“आणि चारच निघाले?”

“गेल्या वर्षी आयुधपूजेच्या दिवशी मोजलं, मामा! सगळ्या कॉम्प्युटरांना चंदन-कुंकू लावून माळा घातलेल्या. पूजेला मांडलेल्या यंत्राला त्या दिवशी हात कोण लावणार?”

“अय्यो! मग ते चार तरी कोण?”

“त्यांच्याबरोबर आलेले!”

“तू सांगितलं नाहीस?”

“सांगितलं की! ‘मी डोळ्यांनी पाहिलंय’ म्हणाले.”

“आता तरी चूक कबूल केली?”

“कसली कबूल! यंदा पूजेलाही सर्व्हर चालू ठेवा, असा हुकूम काढलाय.”

“आणि तुम्ही ठेवणार?”

“ठेवणार की. माळ घालून, कुणी हात न लावता. वर्षातला तेवढा एकच दिवस तो धड चालेल.”