उन्हवणीचा हंडा

मंडळी, नेम कडक असावा, हे खरं! पण तो कुणाच्या जिवावर? सांगा पाहू!

थंड पाण्यात आणि ऊन पाण्यात फरक काय हो? ऊन पाणी अंगावर पडलं की गाणं सुचतं, थंड पडलं की देव आठवतो! हसताय? पहिल्याच तांब्याला ‘हर हर गंगे’ कोण ओरडतं मग?

तर ऐका. मीना नदीच्या काठी एक गाव. तिथं त्र्यंबक गुरव शंकराची पूजा करी. ऐन पौषात पहाटे नदीत बुडी मारायचा! लोक म्हणायचे, “काय ही निष्ठा!” स्तुती, मंडळी, लवकर डोक्यात जाते. त्र्यंबकानं घरात फर्मान काढलं — “आंघोळीला ऊन पाणी बंद! तो भोग आहे!”

घरात त्याचे वडील, भिकोबा. आयुष्यभर पूजा केलेला म्हातारा, आता गुडघे धरलेले. एका सकाळी सुनेला हळूच म्हणाले, “सगुणे, हाडं गारठलीत गं. जरा उन्हवणी ठेवशील?”

सगुणेनं चुलीवर हंडा ठेवला. पाणी तापलं — आणि नेमका त्र्यंबक आला!

“हे कुणासाठी?”

“आबांसाठी. अहो, त्यांचं वय —”

“आबांनीच नेम सोडला, तर गाव काय म्हणेल?” आणि हंडा अंगणात ओतला! वाफा निघत होत्या हो मातीतून!

भिकोबांनी काय केलं? उठले, रांजणातलं गार पाणी घेतलं, थरथरत अंगावर ओतलं. लेकाचा शब्द राखला!

छातीत कफ भरला. वैद्याचा काढा झाला, शेक झाला, उतार पडेना. त्र्यंबक उशाशी बसला. म्हाताऱ्यानं त्याचा हात धरला. म्हणाला, “माझ्या आजारपणात... तुझी नदीची आंघोळ चुकत नाही ना रे?”



भिकोबा गेले. शेजारचे लोक जमले. कुणीतरी म्हणालं, “शेवटची आंघोळ घालायची, पाणी तापवा.”

त्र्यंबक स्वतः चुलीपाशी बसला. फुंकर घालून डोळे लाल झाले — धुरानं म्हणा हवं तर. पाणी तापलं. त्यानं हात बुडवून पाहिला, गार पाणी मिसळलं, पुन्हा हात बुडवला. “सगुणा, बघ गं... आबांना पोळणार नाही ना?”

सगुणेनं पदर तोंडाला लावला.

पुढंही त्र्यंबक नदीवर जात राहिला. “काय निष्ठा!” असं कुणी म्हटलं, की मान खाली घालून निघून जाई.

अहो, गार पाणी घ्यायचंय ना? स्वतःच्या अंगावर घ्या, देव आनंदानं बघेल! पण घरात कुणाची हाडं दुखतायत, कुणाला मागायची भीती वाटते, हे ठाऊक आहे का तुम्हाला? मान डोलावू नका! घरी जा आणि विचारा. अजून विचारायला माणूस आहे, तोवर विचारा!