शीळ ऐकली, भुंकणं ऐकलं नाही

आदरणीय अध्यक्ष महाशय, व्यासपीठावरील मान्यवर, कर्जत-खालापूरकडचे सहकारी, आज ज्यांना निरोप देतोय ते आमचे वनमजूर लडकूदादा, सोमीवहिनी आणि जमलेल्या बंधुभगिनींनो,

वनपाल म्हणून मला दोन शब्द बोलायला सांगितलंय. दोनच बोललो असतो, पण सहा वर्षं एक गोष्ट घशाशी अडकली आहे. शाल-श्रीफळ झालं, आता तीही ऐकून घ्या.

आपल्या रानात शीळकरी कस्तूर आहे. काळानिळा पक्षी, पावसाळ्यात पहाटे ओढ्याकाठी थेट माणसासारखी शीळ घालतो. भेकर म्हणजे आपलं लहानसं हरीण. संकट दिसलं की ते कुत्र्यासारखं भुंकतं. एकाला ऐकायला पुण्या-मुंबईचे पाहुणे येतात; दुसऱ्याचं कुणाला हवंय? गोड गळा सगळ्यांनाच आवडतो. मलाही.

सहा वर्षांपूर्वी पावसाळ्यातल्या एका पहाटे भिवपुरीच्या वरच्या ओढ्यावर मी कस्तूरची शीळ मोबाइलवर टिपत होतो. लडकूदादा म्हणाले, "सायेब, भेकर भुकतंय. खाली फासेवाले हायेत. चला बिगीबिगी."

"गप रे, रेकॉर्डिंग बिघडेल," मी दटावलं. होय, वडीलधाऱ्या माणसाला अरेतुरे केलं.

"थांबलो तर जिवानिशी जाईल ते, सायेब."

मी हात वर करून त्यांना गप्प केलं.

दहा मिनिटांनी खाली उतरलो. तारेच्या फाशात भेकराची मादी होती. अंग अजून गरम होतं. दादांनी फास सोडवला, मला मात्र एका शब्दानं बोलले नाहीत.

आणि अहवालात मी काय लिहिलं? 'वनमजुराने वेळेत खबर दिली नाही.' त्या एका ओळीपायी दादांची वनरक्षकाची बढती गेली. आज ते मजूर म्हणूनच निवृत्त होताहेत. मला याची लाज वाटते.

ते रेकॉर्डिंग अजून आहे. पाहुण्यांना मी सुरुवात कापून ऐकवतो. कापलेल्या भागात भेकर आहे, दादांचा आवाज आहे आणि माझं "गप रे" आहे.

काल ते सगळं, लेखी कबुलीसह, वरिष्ठांकडे दिलं. माझं काय व्हायचं ते होवो. पण दादांची नोकरी आज पाचला संपते. बढती काही परत येत नाही.

आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्यात उणंअधिक झालं असेल तर सभेनं सांभाळून घ्यावं. दादा, तुम्ही मात्र सांभाळून घेऊ नका. आजवर फार घेतलंत.